कोकणातली वळणं आणि ट्रॅक्शन कंट्रोल: स्पोर्ट्स कार चालवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देशावरून कोकणात उतरायचं तर घाट चुकत नाही. ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली, यातला कुठला तरी एक वाट्याला येतोच. खाली आल्यावरही वळणं संपत नाहीत, कारण सागरी मार्ग खाडीला वळसे घालत आणि डोंगराच्या कडेकडेनं वर-खाली करतच जातो. अलीकडे या रस्त्यांवर बीएमडब्ल्यू एम टू, पोर्शे नाइन इलेव्हन, मस्टँग, ऑक्टाव्हिया आरएस अशा गाड्या बऱ्याच दिसतात. त्यांच्या मालकांचे प्रश्न फिरून फिरून डॅशबोर्डवरच्या एकाच बटणापाशी येतात, म्हणून ही उत्तरं एकत्र लिहिली आहेत.

ट्रॅक्शन कंट्रोल नेमकं करतं तरी काय?

इंजिनचा जोर ज्या चाकांना मिळतो ती चाकं घसरून जागच्या जागी फिरायला लागली की त्यांना आवरतं. बाकी काही नाही.

एबीएससाठी, म्हणजे जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या व्यवस्थेसाठी, प्रत्येक चाकापाशी वेग मोजणारा सेन्सर असतो. गाडीतला संगणक या चारही चाकांचे वेग सारखे ताडून बघत असतो. एखादं चाक वाजवीपेक्षा जास्त फिरताना दिसलं की त्याच्या हातात दोन उपाय असतात. एक, इंजिनचा जोर उतरवायचा. त्यासाठी थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, थोडी मिटवतात, ठिणगी उशिरा पाडतात किंवा क्षणभर इंधन तोडतात. दुसरा उपाय म्हणजे फक्त त्या घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावायचा. त्या चाकाला ब्रेक लागला की डिफरन्शियलमधून, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरच्या जोडणीतून, जोर पलीकडच्या, पकड असलेल्या चाकाकडे जातो.

यात कुठेही रस्त्याची पकड वाढत नाही, हे ध्यानात ठेवा. आहे ती पकड तुमच्या उजव्या पायानं उधळू नये एवढीच ही व्यवस्था आहे.

मग ईएससी म्हणजे वेगळं काय? लोक दोन्ही एकच समजतात.

समजतात खरं, आणि बऱ्याच गाड्यांत दोघांना बटण एकच असल्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. ट्रॅक्शन कंट्रोलला फक्त चाकाचं फिरणं कळतं. तुम्ही स्टिअरिंग किती वळवलंय आणि गाडी खरोखर किती वळतेय यातला फरक ईएससीला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोलला, कळतो. त्यासाठी स्टिअरिंगच्या कोनाचा, गाडी स्वतःभोवती किती फिरतेय याचा आणि बाजूला किती ओढली जातेय याचा, असे सेन्सर असतात. गाडीचं नाक वळणाबाहेर जायला लागलं तर मुख्यतः आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक लागतो. शेपूट बाहेर सुटायला लागली तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला.

बॉशनं तयार केलेली ही प्रणाली १९९५ साली मर्सिडीजच्या एस ६०० कूपेमध्ये पहिल्यांदा आली. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका चाचणीत, समोर अचानक आलेला अडथळा चुकवताना मर्सिडीजची छोटी ए-क्लास उलटली आणि मोठा गाजावाजा झाला. त्यानंतर कंपनीनं त्या गाडीत ईएसपी, म्हणजे हीच प्रणाली, सरसकट द्यायला सुरुवात केली. महागड्या गाड्यांपुरती असलेली ही गोष्ट साध्या गाड्यांपर्यंत यायला त्या प्रकरणाचा मोठा हातभार लागला.

वळणात वेग जास्त झाला तर ट्रॅक्शन कंट्रोल वाचवेल ना?

नाही. सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच.

वेग जास्त घेऊन वळणात शिरलात आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलात, तर ट्रॅक्शन कंट्रोलला करण्यासारखं काही उरतच नाही. जोरच दिला नाही तर उतरवणार काय? तिथे ईएससी धडपडेल, चार चाकांना वेगवेगळे ब्रेक लावून बघेल. पण चारही टायरांची पकड संपली असेल तर त्याचेही हात बांधलेले असतात.

थोडा हिशेब करून बघा. ३० मीटर त्रिज्येचं सपाट वळण धरा. चांगल्या टायरांना कोरड्या, स्वच्छ डांबरावर घर्षणाचा गुणांक साधारण ०.९ मिळतो असं मानलं, तर ते वळण जास्तीत जास्त ५८-५९ किलोमीटर वेगानं घेता येतं. ओल्या, निसरड्या रस्त्यावर तोच गुणांक ०.४ वर आला तर मर्यादा ३९ वर उतरते. हे आकडे घसरण्याच्या कडेचे आहेत, चालवण्याचे नव्हेत. शिवाय बाहेर फेकणारी ओढ वेगाच्या वर्गानं वाढते. ४० ऐवजी ६० नं गेलात तर वेग दीडपट होतो, पण ओढ सव्वादोनपट होते. गाडी साठ लाखांची असो की सहा लाखांची, हे गणित कोणासाठी बदलत नाही.

म्हणून क्रम असा ठेवायचा: वेग वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, ब्रेक लावून उतरवायचा. ट्रॅक्शन कंट्रोलचं काम वळणाच्या उत्तरार्धात, बाहेर पडताना सुरू होतं.

वळणातून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर नक्की कधी आणि किती द्यायचा?

इथे जरा सावकाश जाऊ, कारण खरं कौशल्य इथेच आहे.

चिपळूणहून कुंभार्ली चढताय असं धरा. पाऊस नुकताच उघडलाय, रस्ता काळाभोर ओला आहे, समोर डावीकडे वळणारं यू वळण आहे. गाडी मागच्या चाकांवर चालणारी आणि टर्बो इंजिनची. तुम्ही सरळ पट्ट्यात ब्रेक लावून दुसऱ्या गिअरमध्ये आलात, स्टिअरिंग वळवलं, गाडी वळायला लागली. वळणाचा मध्य अजून यायचाय, पण चढ आहे, गाडी मंद वाटते, म्हणून पाय थोडा दाबला. काहीच झालं नाही. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, अजून वेगात आलेला नाही. पाय आणखी दाबला. आणि मग दोन्ही वेळचं मागणं एकदम आलं.

त्या क्षणी गाडीचं वजन बाहेरच्या, म्हणजे उजव्या चाकांवर कललेलं असतं. आतलं, डावं मागचं चाक हलकं झालेलं असतं. ते आधी फिरतं. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकतो, मागून ब्रेकची बारीक गुरगुर येते आणि पायाखालचं अ‍ॅक्सिलरेटर मेल्यासारखं वाटतं. अनेक जण इथे चिडून पाय आणखी दाबतात. संगणक तो जोर पुढे जाऊ देत नाही. वळण सरळ होतं, चाकं पकड धरतात, आणि पाय अजून तळाशीच असतो. मग साठवलेला सगळा जोर एका झटक्यात मोकळा होतो. गाडी उसळते ती इथे, आणि दोष मात्र ट्रॅक्शन कंट्रोलला दिला जातो.

टायरची पकड म्हणजे एकच पगार आणि त्यातून दोन हप्ते, एक वळायचा आणि एक पुढे ढकलायचा. वळायचा हप्ता मोठा असेल तोवर ढकलायचा लहानच ठेवावा लागतो. प्रत्यक्षात याचा अर्थ इतकाच की स्टिअरिंग जसजसं सरळ होत जाईल तसतसा पाय खाली जाऊ द्यायचा, त्याआधी नाही. वळणाच्या मध्यापर्यंत पाय हलका आणि स्थिर, गाडीचा वेग राखण्यापुरता. बाहेरचा रस्ता डोळ्यांना उलगडायला लागला की हळूहळू भरत जायचा. दिवा लागलाच तर पाय किंचित उचलायचा, झटक्यानं सोडायचा नाही.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर घाटात तो हातानं बदलायच्या मोडवर ठेवलेला बरा. नाहीतर वळणाच्या ऐन मध्यावर पाय जरा जास्त दाबला जातो, गिअरबॉक्स आपणहून एक-दोन गिअर खाली उतरतो आणि नको तिथे नको तेवढा जोर चाकांवर येतो.

घाट चढताना डाव्या वळणांवर दिवा जास्त लुकलुकतो. गाडीत बिघाड आहे का?

नाही, बिघाड नाही. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतो. डाव्या यू वळणात आपल्या वाट्याला आतली, लहान त्रिज्येची आणि जास्त उभ्या चढाची बाजू येते. साईडपट्टीवरची खडी आणि लाल माती तिथेच रस्त्यावर ओढली जाते, कारण एसटी आणि ट्रकची मागची चाकं वळताना आतून जातात. म्हणजे मुळातच हलकं झालेलं डावं चाक नेमकं खडीवर येतं. उजव्या वळणात आपण बाहेरून फिरतो, तिथे जागा जास्त असते आणि चढही कमी भासतो. उजव्या वळणांवरही तितकाच लुकलुकाट होत असेल तर मात्र टायर बघून घ्या.

दिवा लुकलुकणं आणि सतत जळत राहणं यात फरक काय?

लुकलुकला म्हणजे यंत्रणा त्या क्षणी काम करतेय. सतत जळत राहिला म्हणजे ती बंद केलेली आहे किंवा तिच्यात दोष आहे. बंद केल्याचा दिवा बहुतेक गाड्यांत वेगळा असतो, त्यावर तसं लिहिलेलंही असतं. सोबत एबीएसचा दिवाही लागला असेल तर सेन्सर किंवा वायरिंगची शंका धरून गाडी शांतपणे चालवत वर्कशॉप गाठायचं.

माझी गाडी पुढच्या चाकांवर चालते, मित्राची मागच्या, तिसऱ्याची चारही. वागणं किती बदलतं?

बरंच. ऑक्टाव्हिया आरएस किंवा गोल्फ जीटीआयसारख्या पुढच्या चाकांच्या गाडीत वळायचं आणि ओढायचं, दोन्ही कामं पुढचीच चाकं करतात. जोर जास्त दिला की नाक बाहेर जातं, गाडी वळणाबाहेर सरकत राहते. पाय उचलला की बहुधा परत आत येते, म्हणून या गाड्या नवख्याला सोप्या जातात. फोक्सवॅगन घराण्यातल्या गाड्यांत एक्सडीएस नावाची व्यवस्था असते, ती आतल्या पुढच्या चाकाला ब्रेकचा हलका स्पर्श देऊन नाक आत खेचते. काम छान करते. पण लांब घाट जोरात चढलात की तेच ब्रेक तापतात, कारण ते पेडलला पाय न लावताही वापरले जात असतात.

मागच्या चाकांच्या गाडीत जोर जास्त झाला की शेपूट बाहेर येते. एम टू आणि मस्टँग या जातीच्या. महिंद्राची बीई सिक्ससुद्धा मागच्याच चाकांवर चालते, हे तिच्या मालकांपैकी कित्येकांना पहिल्या पावसापर्यंत जाणवत नाही. नाइन इलेव्हनचं इंजिनच मागच्या ॲक्सलच्याही मागे असल्यामुळे वळणातून बाहेर पडताना तिला पकड भरपूर मिळते. मात्र वळणाच्या मध्यावर घाबरून पाय सोडलात तर वजन पुढे येतं, मागची बाजू हलकी होते आणि फिरू पाहते. तिथे ट्रॅक्शन कंट्रोल नव्हे, पोर्शेचं पीएसएम म्हणजे त्यांचं ईएससी कामाला येतं.

चारही चाकांची गाडी, उदाहरणार्थ बीएमडब्ल्यू एम ३४० आय, ओल्या चढावर इतक्या निमूटपणे निघते की चालवणाऱ्याला रस्ता कोरडाच वाटायला लागतो. धोका तिथेच. बाहेर पडायला चारही चाकं मदत करतात, पण आत शिरताना थांबायला आणि वळायला तिच्याकडे इतरांइतकेच चार टायर आहेत.

खरे ड्रायव्हर ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून चालवतात म्हणे?

असं म्हणणाऱ्यांना शर्यतींचा इतिहास विचारून बघा. १९९२ साली नायजेल मॅन्सेल ज्या विल्यम्स गाडीत फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला तिच्यात ट्रॅक्शन कंट्रोल होतं. १९९४ पासून ते बंद केलं, २००१ मध्ये स्पॅनिश ग्रां प्रीपासून पुन्हा परवानगी दिली आणि २००८ च्या हंगामापासून परत बंदी घातली. बंदीचं कारण ते कुचकामी होतं हे नव्हे. उलट ते इतकं कामाचं होतं की ड्रायव्हरच्या पायाचं कसब झाकलं जात होतं. जीटी थ्री वर्गाच्या शर्यतींत आजही ते असतं, आणि ड्रायव्हर धावत्या गाडीत बटण फिरवून त्याची पातळी बदलतात.

घाटात बंद करायचं म्हणाल तर माझं उत्तर सरळ नाही असं आहे. रेस ट्रॅकवर वळण चुकलं तर बाजूला मोकळी जागा असते, समोरून कोणी येत नाही, आणि तेच वळण थोड्या वेळानं पुन्हा येतं. कुंभार्लीत बाजूला कठडा आणि त्याच्या पलीकडे दरी, समोरून वळणाची सगळी रुंदी व्यापत येणारी एसटी. सार्वजनिक रस्त्यावर धोकादायक वाहन चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली आणि शर्यत लावणं कलम १८९ खाली गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी बंद करून मिळणार काय? आपल्या घाटांत कोणी वेळ लावून बसलेलं नाही.

मग मधली पातळी? स्पोर्ट मोडमध्ये ढील मिळते ना?

मिळते, आणि अनेक गाड्यांत ती चांगली जमवलेली असते. बऱ्याच बीएमडब्ल्यू गाड्यांत डीएससीचं, म्हणजे त्यांच्या ईएससीचं, बटण एकदा हलकं दाबलं की डीटीसी लागतं, म्हणजे चाकाला थोडं जास्त घसरू देतात पण लगाम सोडत नाहीत. दाबून धरलं तर सगळंच बंद होतं. हा फरक न कळल्यानं काही जण मधल्या पातळीच्या समजुतीत पूर्ण बंद करून फिरतात. आताच्या काही एम गाड्यांत दहा पातळ्यांचं एम ट्रॅक्शन कंट्रोल मिळतं, पण ते डीएससी बंद केल्यावरच हाताशी येतं, त्यामुळे तो खेळ ट्रॅकसाठीच. मर्सिडीज-एएमजी जीटी आरमध्ये नऊ पातळ्यांचा पिवळा गोल खटका आहे, त्यालाही तेच लागू.

कोरडा रस्ता, स्वच्छ डांबर, दिवसाउजेडी ओळखीचा घाट, अशा वेळी मधली पातळी ठेवायला हरकत नाही. आणखी एक, गाडी बंद करून चालू केली की बहुतेक यंत्रणा मूळ पातळीवर परत येतात. चहाला थांबून निघालात की डॅशबोर्डवर एकदा नजर टाका.

कोकणातल्या रस्त्यावर पकड नेमकी कुठे जाते?

या प्रश्नावर मी तासभर बोलू शकतो, पण मोजकंच लिहितो.

चिऱ्याच्या खाणींपासून सुरुवात करू. जांभ्याचे चिरे भरलेले ट्रक खाणीच्या कच्च्या वाटेवरून डांबरी रस्त्यावर चढतात तिथे दोन्ही दिशांना लाल मातीचा पट्टा पसरलेला असतो. उन्हाळ्यात तो भुकटीसारखा, चाकाखाली सरकणारा. मिरगाच्या पहिल्या सरींत त्याचा गुळगुळीत लेप होतो. तो लेप बहुधा एकाच बाजूला असतो, त्यामुळे गाडीची डावी चाकं लाल चिखलावर आणि उजवी स्वच्छ डांबरावर अशी अवस्था होते. अशा जागी जोर दिला तर एका बाजूची चाकं फिरतात, यंत्रणा त्यांना ब्रेक लावते आणि स्टिअरिंग हातात किंचित ओढल्यासारखं होतं. ते ओढणं स्वाभाविक आहे, त्याच्याशी झोंबू नका. पाय हलका करून पट्टा ओलांडा.

पहिल्या पावसाचं एक वेगळंच आहे. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ पहिल्या सरींत वर येते आणि रस्ता साबण लावल्यासारखा होतो. सलग चार-पाच दिवस कोसळून गेल्यावर तोच रस्ता धुऊन निघतो आणि बरा वागतो. ऑगस्टच्या सुमारास झाडांच्या गर्द सावलीतल्या वळणांवर, जिथे ऊन पोचतच नाही, तिथे कडेला हिरवं शेवाळ धरतं. आंबोलीत पाऊस आणि धुकं दोन्ही अफाट, तिथे वेगाचा विषयच काढू नये.

किनाऱ्याच्या बाजूला आणखी तीन गोष्टी. सुरूच्या बनालगतच्या रस्त्यावर सुरूच्या काड्यांचा थर साचतो, तो ओला असताना विलक्षण निसरडा. आरे-वारेसारख्या जागी, जिथे रस्ता डोंगरावरून थेट पुळणीलगत उतरतो, तिथे वाऱ्यानं वाळू रस्त्यावर येते. आणि हर्णै, मिरकरवाडा, मालवण अशा बंदरांच्या आसपास मासळीच्या टेम्पोतून गळणारं पाणी. त्याचा वास आधी येतो, चिकटपणा वळणावर कळतो.

गणपतीच्या दिवसांत मुंबईकर चाकरमान्यांच्या गाड्यांनी रस्ता भरलेला असतो, तेव्हा वरचं काहीच करून बघायला जागा नसते.

महामार्ग आता काँक्रीटचा आहे. तिथे तर पकड चांगली ना?

कोरडा असताना चांगली. पावसात त्यावर पाण्याचा थर साचला तर टायर पाण्यावर तरंगतो, आणि एकदा तरंगला की ट्रॅक्शन कंट्रोल, ईएससी, एबीएस सगळंच निरुपयोगी. त्याचं एक ढोबळ सूत्र प्रचलित आहे, त्यानुसार ३२ पीएसआय हवेला ही वेळ ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास येते. टायर झिजलेला किंवा रुंद असेल तर आणखी लवकर, आणि स्पोर्ट्स कारचे टायर रुंदच असतात. कशेडीच्या बोगद्यातून बाहेर पडताना वेग आधीच उतरवून ठेवा. आतल्या रस्त्यावर जमलेला वेग बाहेरच्या मुसळधार पावसात घेऊन जाऊ नये.

घाट उतरताना ट्रॅक्शन कंट्रोलचा काही उपयोग?

थोडा, आणि तोही वेगळ्या प्रकारे. उतारावर गिअर झटक्यानं खाली टाकला की इंजिनच्या रेट्यानं चाकं उलट अडतात आणि ओल्या रस्त्यावर घसरू शकतात. अशा वेळी बऱ्याच गाड्यांतली यंत्रणा इंजिनला आपणहून किंचित जोर देते आणि चाकं मोकळी फिरू देते. गाडीनं मनानंच आरपीएम वाढवला असं वाटलं तर ते हेच असू शकतं.

बाकी उतारावरचा नियम जुनाच: ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर सतत पाय ठेवून उतराल तर खाली पोचेपर्यंत पेडल मऊ होईल आणि गरम ब्रेकचा वास काचा बंद असतानाही आत येईल.

सगळं करूनही गाडी सुटलीच तर?

नाक बाहेर जात असेल तर पाय हळू उचला आणि स्टिअरिंग आणखी वळवू नका, उलट किंचित सैल करा. आपला हात नेमकं उलट करायला धावतो. शेपूट बाहेर येत असेल तर जिथे जायचंय तिकडे बघा आणि स्टिअरिंग तिकडे न्या. ब्रेक लावायचाच असेल तर पूर्ण ताकदीनं लावून धरा, एबीएसचे झटके पायाला लागले तरी सोडू नका. ईएससी चालू असेल तर बरंचसं काम तुमच्या आधी सुरू झालेलं असतं. तुम्ही फक्त दिशा दाखवायची.

टायरबद्दल काय सांगाल?

कायद्यानं १.६ मिलिमीटर खोली चालते. कोकणातल्या पावसाळ्यासाठी मी ३ च्या खाली गेलेले टायर ठेवणार नाही. मिशलँचे कप टू किंवा तसे ट्रॅकसाठीचे टायर कोरड्यात अप्रतिम, साचलेल्या पाण्यात भयंकर. ते लावलेली गाडी जून ते सप्टेंबर शेडमध्ये राहू दे. दोन टायर एका कंपनीचे आणि दोन दुसरीचे असं करू नका. झिजेत मोठा फरक पडला की चाकांचे परीघ वेगळे होतात, संगणकाला ते घसरणं वाटू शकतं, आणि चारही चाकांच्या गाडीत तर यांत्रिक भागांवरही ताण येतो.

इलेक्ट्रिक गाडीत फरक पडतो का?

मोटरचा जोर इंजिनपेक्षा कितीतरी लवकर कमी-जास्त करता येतो, त्यामुळे ट्रॅक्शन कंट्रोल जास्त तलम काम करतं. मात्र रीजन, म्हणजे पाय सोडल्यावर मोटरनंच गाडी रोखून बॅटरी भरायची सोय, कडक ठेवून ओल्या वळणात एकदम पाय सोडला तर मागच्या चाकांच्या गाडीत मागून ब्रेक लावल्यासारखं होतं. पावसात रीजन एक पायरी खाली ठेवा.

बंद करून सरावाची हौस असेल तर कुठे जायचं?

कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. तिघंही कोकणातून लांब आहेत, खर्चिक आहेत, आणि तरीही कठड्यापेक्षा स्वस्त पडतात. शेजारी जाणकार बसवून आधी चालू ठेवून फेऱ्या मारायच्या, दिवा कुठे कुठे लागतो ते बघायचं. त्या जागा पायानं सुधारता आल्या, दिवा लागेनासा झाला, की मग बंद करण्याची भाषा.

गाडी पुळणीवर नेली आणि वाळूत रुतली. ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवू की बंद?

मुळात नेऊ नका. अनेक किनाऱ्यांवर वाहनांना मनाईचे फलक लावलेले आहेत, आणि भरतीला गाडी कोणाची हे कळत नाही. रुतलीच असेल तर मात्र बंद करण्याची ही खरी वेळ. वाळूत चाकाला थोडं फिरावंच लागतं, आणि चालू असेल तर यंत्रणा जोर कापून गाडी जागीच ठेवते. चाकांपुढची वाळू हातानं उकरा, टायरमधली हवा बरीच कमी करा, स्टिअरिंग सरळ ठेवून हलक्या पायानं निघा. चाक खोल जायला लागलं की थांबा, नाहीतर गाडी पोटावर बसते. बाहेर आल्यावर आधी हवा भरा, बटण परत चालू करा आणि मगच रस्त्याला लागा. कमी हवेच्या टायरवर घाट चढणं हा वेगळाच अपघात आहे.

पावसाळ्यानंतर दिवा अधूनमधून आपोआप लागतो. खाऱ्या हवेमुळे असेल?

शक्य आहे. किनाऱ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत चाकाच्या सेन्सरचे जोड गंजतात, आणि काही गाड्यांत सेन्सर ज्या कड्याकडे बघून वेग मोजतो त्यावर गंजाचे पापुद्रे किंवा लाल चिखल बसतो. मग एका चाकाचा वेग चुकीचा कळतो आणि यंत्रणा विनाकारण मध्ये पडते किंवा स्वतःला बंद करून घेते. पुळणीवर किंवा जेट्टीवरच्या खाऱ्या पाण्यातून गाडी गेली असेल तर त्याच दिवशी चाकांच्या आतून गोड्या पाण्याचा फवारा मारून घ्या. दिवा तरीही लागत राहिला तर मेकॅनिककडून चारही चाकांचे वेग स्कॅनरवर एकाच वेळी बघून घ्या. सरळ रस्त्यावर वेगळा आकडा दाखवणारं चाक लगेच सापडतं. सेन्सर बदलायच्या आधी जोड साफ करून बघायला सांगा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.